हजेरीपटावरचा दुष्काळ

दुष्काळ पडला हे सरकारने कशावरून ओळखावे? १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ज्या दुष्काळ संहिता तयार झाल्या, त्यांनी या प्रश्नाला निर्दय पण नेमके उत्तर दिले. खडी फोडण्याचे वा मातीचे 'कसोटीचे काम' उघडावे, मजुरी जेमतेम पोटापुरती ठेवावी आणि किती माणसे येतात ते मोजावे. माणसे लोटली, तर दुष्काळ खरा. आपले सुरत तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. संवत १९५६ च्या 'छप्पनिया'ची आठवण येथील जुन्या घरांतून अद्याप निघते.

महाराष्ट्राने हेच माप पुढे मजुराच्या हाती दिले. वि. स. पागे यांची कल्पना १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात अजमावून पाहिली गेली होती. १९७२-७३ च्या दुष्काळात तर मे १९७३ च्या सुमारास दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. रोजगार हमीचा १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता. खर्चासाठी शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. पगारपत्रकातील ती कपात कशासाठी, हे ठाऊक असलेले सहकारी आम्हांस क्वचितच भेटले!

तेव्हापासून हजेरीपट हा ग्रामीण अर्थस्थितीचा आरसा मानला जाऊ लागला. पेरणीला मजूर शेतावर परततात, वैशाखात कामावर गर्दी होते. पावसाने दगा दिला की ही गर्दी हटत नाही. परंतु सरकारी तक्ते भरण्यात आयुष्य गेल्यामुळे आम्ही या आरशाकडे जरा संशयानेच पाहतो. १९८८ साली मजुरी वाढली, तेव्हा मागणी वाढावयास हवी होती. प्रत्यक्षात हजेरी घटली. खर्चाच्या धास्तीने नवी कामे उघडताना हात आखडता घेतला गेला, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. आकडा खाली आला, गरज नव्हे.

२०२० च्या टाळेबंदीत आपल्या उधना-लिंबायतचे माग थांबले. गंजामचा आणि खानदेशचा मजूर गावाकडे निघाला, ते आपण डोळ्यांनी पाहिले. २००५ च्या केंद्रीय कायद्याखाली २०१९-२० मध्ये देशभर सुमारे २६५ कोटी मनुष्यदिवस काम झाले होते. २०२०-२१ मध्ये ते सुमारे ३८९ कोटींवर गेले. तरीही हा आकडा मिळालेल्या कामाचा आहे. ज्याने तोंडी काम मागितले आणि ज्याला अर्जाची पोच मिळाली नाही, तो त्यात नाही.