आधी जन्म, की आधी विश्वास?

चामराजपेट 1892 मध्ये वसलं. दहावे चामराजेंद्र वडियार यांच्या नावाची ही वस्ती बेंगळुरूच्या जुन्या किल्ल्याला लागूनच आखली गेली, समांतर जाणाऱ्या पाच मुख्य रस्त्यांची. किल्ल्याच्या आवारात इंग्रज फौजेसाठी एक अँग्लिकन चर्च होतं, त्याला फोर्ट चर्च म्हणत. पुढे ती जागा गेली आणि 1930 च्या दशकात ही मंडळी चामराजपेटेत आली. आजचं सेंट ल्यूक्स चर्च ते हेच. तिथून जुन्या पेठेकडे चालत गेलं की अव्हेन्यू रोडच्या गर्दीत राइस मेमोरियल चर्च लागतं. ते लंडन मिशनरी सोसायटीचं. 1837 मध्ये बेंगळुरूला आलेल्या बेंजामिन राइस यांचं नाव त्याला आहे. कर्नाटकातले हजारो शिलालेख उजेडात आणणारे बी. एल. राइस हे त्यांचेच चिरंजीव. आणखी पुढे महापालिकेजवळ हडसन मेमोरियल आहे, वेस्लीच्या अनुयायांचं, म्हणजे मेथडिस्टांचं.

आज ही तिन्ही ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ची, म्हणजे सीएसआयची आहेत. पण तिन्हींच्या मूळ परंपरांना एक प्रश्न विचारला, तर तीन वेगळी उत्तरं मिळतात. माणूस ख्रिस्तावर विश्वास ठेवतो म्हणून त्याचा नवा जन्म होतो, की नवा जन्म झालेला असतो म्हणूनच तो विश्वास ठेवू शकतो? इथला नवा जन्म म्हणजे मेल्यानंतर दुसऱ्या देहात जाणं नव्हे. जिवंत माणसाच्या अंतःकरणात देव घडवतो तो पालट, असा त्याचा अर्थ. बाहेरून पाहणाऱ्याला हा शब्दांचा खेळ वाटेल. पण ज्याला रात्री झोप लागत नाही, आपला विश्वास खरा की नुसता घरातून आलेला, असं ज्याचं मन त्याला विचारत राहतं, त्याच्यासाठी या प्रश्नाइतकं जवळचं दुसरं काही नसतं. म्हणून त्याची कुळकथा सांगावीशी वाटते.

उगम योहानाच्या शुभवर्तमानातल्या तिसऱ्या अध्यायात आहे. निकदेम नावाचा एक विद्वान परूशी रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. नव्याने जन्मल्याखेरीज देवाचं राज्य कोणाला दिसणार नाही, असं येशू त्याला सांगतो. म्हाताऱ्या माणसानं पुन्हा आईच्या पोटात कसं शिरावं, हा निकदेमाचा प्रश्न. उत्तरात येशू पाणी, आत्मा आणि वारा यांच्याविषयी बोलतो. वारा कुठून येतो हे कळत नाही, आवाज मात्र ऐकू येतो. गंमत अशी की याच अध्यायात थोडं पुढे, विश्वास ठेवणाऱ्याला सार्वकालिक जीवन मिळेल, असंही वचन आहे. एकाच अध्यायात दोन्ही पक्षांना आधार सापडतो. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, येशू हाच ख्रिस्त असं मानणारा देवापासून जन्मलेला आहे, असं म्हटलंय. तिथलं मूळ ग्रीक क्रियापद आधीच पूर्ण झालेल्या घटनेचं आहे. त्याच योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात मात्र ज्यांनी त्याचा स्वीकार केला त्यांना देवाची मुलं होण्याचा अधिकार मिळाला, असं लिहिलंय. प्रेषित पौल इफिसकरांना सांगतो की तुम्ही अपराधांमुळे मेलेले होता आणि देवानं तुम्हाला जिवंत केलं. मेलेला माणूस विश्वास तरी कसा ठेवणार? पुढचं सगळं भांडण या एका वाक्याच्या ओझ्याखाली झालं.

सुरुवातीच्या काही शतकांत मात्र हे भांडण नव्हतं. नवा जन्म बाप्तिस्म्याच्या पाण्यात होतो, असं मंडळी धरून चालली होती. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस म्हणू लागला की देवानं आज्ञा दिली आहे त्याअर्थी ती पाळण्याची ताकदही माणसात आहे. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टिन त्याच्याविरुद्ध उभा राहिला. माणसाची इच्छाच आजारी आहे, तिला बरं करणारी कृपा आधी यावी लागते, असं त्याचं म्हणणं. 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेनं पेलाजियसची शिकवण नाकारली. तरी दक्षिण गॉलमधल्या मठांत एक मधला विचार तग धरून राहिला: निदान पहिलं पाऊल तरी माणसाचं असावं, मग देव हात देईल. त्याचा निकाल 529 मध्ये ऑरेंज या गावातल्या परिषदेनं लावला. विश्वासाची वाढच नव्हे, तर त्याचा आरंभ आणि विश्वासाची ओढसुद्धा कृपेचंच काम, असं तिनं ठरवलं.

हा निर्णय मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो. 'कृपा आधी' इतकं इथे ठरलं. त्या आधी येणाऱ्या कृपेलाच नवा जन्म म्हणायचं का, हे ठरलं नाही. ऑरेंजच्या बिशपांच्या मनात बाप्तिस्मा आणि नवा जन्म एकत्रच होते, त्यामुळे तो प्रश्न त्यांना पडलाही नसेल. पुढच्या हजार वर्षांनंतरचा सारा वाद या मोकळ्या राहिलेल्या जागेत उभा आहे.

आणि या वादातली सर्वांत अनपेक्षित गोष्ट धर्मसुधारक कॅल्विनची आहे. 'आधी नवा जन्म, मग विश्वास' ही शिकवण लोक त्याच्या नावावर टाकतात. पण त्याच्या 'इन्स्टिट्यूट्स' या ग्रंथाच्या 1559 च्या शेवटच्या आवृत्तीत, तिसऱ्या भागातल्या तिसऱ्या अध्यायात, नवा जन्म हा विश्वासाचं फळ म्हणून येतो. कारण नवा जन्म म्हणजे त्याच्या लेखी आयुष्यभर चालणारा पश्चात्ताप, देवाची प्रतिमा माणसात हळूहळू पुन्हा उमटणं. अशी गोष्ट विश्वासानंतरच येणार. 1561 च्या बेल्जिक श्रद्धापत्राच्या चोविसाव्या कलमातही खरा विश्वास माणसाला नवा करतो, असाच क्रम आहे. अर्थात विश्वास स्वतः पवित्र आत्म्याचं दान आहे, याविषयी कॅल्विनला तिळमात्र शंका नव्हती.

मग क्रम उलटला कसा? हॉलंडमध्ये धर्मपंडित याकोब आर्मिनियस 1609 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन काढलं. कृपा अत्यावश्यक आहे हे त्यांनी मान्य केलं, पण माणूस तिला नाकारू शकतो, असं ते म्हणाले. त्याचा विचार करायला डॉर्टरेख्त, म्हणजेच डॉर्ट, शहरात नोव्हेंबर 1618 ते मे 1619 अशी सभा भरली, आणि परदेशी चर्चचे प्रतिनिधीही तिला आले. तिथे प्रश्न अधिक बारीक झाला. दोघांनी एकच उपदेश ऐकला, एकानं विश्वास ठेवला, दुसऱ्यानं नाही. फरक कशानं पडला? फरक ऐकणाऱ्यात होता म्हटलं, तर शेवटी श्रेय माणसाला जातं. म्हणून सभेनं सांगितलं की देव माणसाच्या मदतीशिवाय त्याच्या आत नवं जीवन घालतो, आणि ज्यांच्यात तो हे करतो ते खात्रीनं विश्वास ठेवतात. कॅल्विननं ज्याला नवा जन्म म्हटलं तो पूर्ण वाढलेला वृक्ष होता. डॉर्टच्या सभेनं तेच नाव बीजाला दिलं. बीज अर्थातच आधी येतं. त्यामुळे कॅल्विन आणि डॉर्ट एकमेकांना खोडत नाहीत, हे माझं मत आहे. हा क्रम घड्याळाचा नसून कारणाचा आहे, हेही त्या परंपरेतले धर्मपंडित सतत सांगत आले. लंडन मिशनरी सोसायटीतले बहुतेक लोक काँग्रेगेशनल होते आणि त्यांचं मूळ याच घराण्यात आहे, जरी एकोणिसाव्या शतकापर्यंत त्या शिकवणीची धार बरीच उतरली होती.

आपल्याकडच्या वाचकाला हा पेच परका वाटू नये. याच दक्षिणेत श्रीवैष्णवांमध्ये तो शतकानुशतकं चालत आला आहे. मांजरी पिलाला तोंडात धरून नेते, पिलाला काही करावं लागत नाही, असं तेंकलै म्हणतात. वडकलै म्हणतात, माकडाचं पिलू आईला स्वतः घट्ट धरतं. पिळ्ळै लोकाचार्य आणि वेदान्तदेशिक यांच्या काळापासूनचा हा भेद. दोन धर्मांचं ईश्वरदर्शन एक नाही. पण भक्त जेव्हा प्रामाणिकपणे स्वतःच्या भक्तीचं मूळ शोधू लागतो, तेव्हा तो याच जागी येऊन थांबतो.

जॉन वेस्ली या जागी आला तो स्वतःच्या अनुभवातून. तो अँग्लिकन धर्मगुरू होता, लहानपणी बाप्तिस्मा झालेला, कडक नियमांनी जगणारा. 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका बैठकीत त्याला पहिल्यांदा आतून खात्री पटली. त्याच्या शिकवणीत देवाची कृपा प्रत्येक माणसाकडे आधीच आलेली असते आणि त्याची बधिर झालेली इच्छा मोकळी करते. मग माणूस विश्वास ठेवतो. विश्वासानं तो नीतिमान ठरतो आणि त्याच क्षणी नव्यानं जन्मतो. म्हणजे ऑरेंजचा निर्णय वेस्लीनंही सोडला नाही. फक्त आधीच्या कृपेला त्यानं नव्या जन्माचं नाव दिलं नाही.

आता राहिलं अँग्लिकनांचं. त्यांच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात बालकाचा बाप्तिस्मा झाल्यावर धर्मगुरू त्याचा नवा जन्म झाल्याचं जाहीर करतो. हे शब्द सरळ अर्थानं घ्यायचे का? 1847 मध्ये एक्सेटरचे बिशप हेन्री फिलपॉट्स यांनी जॉर्ज गोरहॅम या धर्मगुरूची नेमणूक याच प्रश्नावर अडवली. बाप्तिस्म्यानं नवा जन्म हमखास होतोच असं गोरहॅम मानत नव्हते. खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1850 मध्ये निकाल गोरहॅमच्या बाजूनं लागला. सरकारी न्यायालय धर्मतत्त्वाचा निवाडा करतं, या संतापानं हेन्री मॅनिंग यांच्यासारखे लोक रोमन कॅथलिक झाले. जे राहिले त्यांनी बाप्तिस्म्याची जुनी शिकवण अधिकच घट्ट धरली. 1848 मध्ये विल्यम बटलर यांनी वाँटेज इथे स्थापन केलेला सेंट मेरीच्या भगिनींचा संघ याच वळणाचा.

आणि त्या वाँटेजमध्ये 29 सप्टेंबर 1883 रोजी पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या अरण्यात 1858 मध्ये जन्मलेल्या, संस्कृत पुराणं मुखोद्गत असलेल्या पंचवीस वर्षांच्या विदुषीचा. त्याच दिवशी त्यांच्या मुलीचाही, मनोरमाचा. ती तेव्हा अडीच वर्षांची होती. पाणी एकच. आईनं वाचून, वाद घालून, विचार करून पाऊल टाकलं होतं. मुलीला त्यातलं काही कळण्याचं वय नव्हतं. या दोघींपैकी कोणाचा नवा जन्म त्या दिवशी झाला? वाँटेजच्या भगिनी म्हणाल्या असत्या, दोघींचा. डॉर्टचा वारसदार म्हणाला असता, ते देवाला ठाऊक. मेथडिस्ट म्हणाला असता, आईला विचारा.

आईनं स्वतःच उत्तर दिलं, पण उशिरानं. बाप्तिस्म्यानंतरची वर्षं रमाबाई वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून कडाडून वाद घालत होत्या. त्रैक्याविषयी त्यांना शंका होत्या आणि कोणी सांगितलं म्हणून मान्य करणं त्यांना जमत नव्हतं. त्या अमेरिकेला गेल्या, 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला हलवलं. आणि 1891 च्या सुमारास, बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. 1907 च्या आपल्या साक्षीच्या पुस्तकात त्यांनी हे मोकळेपणानं लिहिलंय. त्या काळात त्यांच्या हाती आलेलं एक पुस्तक विल्यम हॅस्लम यांचं होतं. हॅस्लम कॉर्नवॉलमधले उच्च अँग्लिकन वळणाचे धर्मगुरू. 1851 मध्ये आपल्याच चर्चमध्ये प्रवचन देताना त्यांचं स्वतःचं अंतःकरण पालटलं. समोर बसलेल्यांतला एक मेथडिस्ट उपदेशक तिथल्या तिथे उठून ते ओरडून सांगू लागला. गोरहॅम खटल्याच्या निकालाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. इंग्लंडातलं ते सगळं वादळ एका पुस्तकातून पुण्यात रमाबाईंच्या टेबलावर आलं.

त्यांची ही आठ वर्षं कशी वाचायची? अँग्लिकन म्हणेल, 1883 च्या पाण्यात पडलेलं बीज 1891 मध्ये उगवलं. मेथडिस्ट म्हणेल, नवा जन्म 1891 मध्येच झाला, त्याआधी कृपा त्यांना बोलावत होती. कॅल्विनच्या परंपरेतला म्हणेल, ती अस्वस्थता, ते वाद, ती भूक हीच जिवंतपणाची खूण आहे. मेलेल्याला भूक लागत नाही. मला हे शेवटचं वाचन सर्वांत खोल वाटतं, कारण शंका घेणाऱ्या माणसाला ते हाकलून देत नाही. पण त्यात धोकाही आहे. या वाटेनं गेलेला माणूस ख्रिस्ताकडे पाहायचं सोडून आपल्या आतली खूण शोधत बसतो आणि ती न सापडल्यानं खचतो. वेस्लीची शिकवण त्याला तिथून उठवते: आज बोलावणं आहे, आज उत्तर दे. रमाबाईंनी या मतांपैकी एकाचंही बिरूद लावलं नाही. त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जूनपासून मुलींमध्ये मोठं आत्मिक जागरण झालं, तेव्हाही त्यांनी क्रम मांडला नाही. त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करत राहिल्या, आणि 1922 मध्ये त्या गेल्या तेव्हा ते काम पुरं झालं होतं.

27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रासला अँग्लिकन, मेथडिस्ट आणि 1908 पासून एकत्र असलेलं दक्षिण भारत संयुक्त चर्च, ज्यात लंडन मिशनच्या मंडळ्या होत्या, हे एक होऊन चर्च ऑफ साउथ इंडिया झालं. बायबल, दोन प्राचीन श्रद्धासूत्रं, दोन संस्कार आणि बिशपपद हा एकीचा पाया ठरला. नवा जन्म आधी की विश्वास आधी, याचं उत्तर त्यात सक्तीचं केलं नाही. मला ते भित्रेपण वाटत नाही. ऑरेंजनं जेवढं ठरवलं होतं तेवढ्यावर तिघं एकत्र आले, आणि उरलेलं मोकळं ठेवलं.

तरी व्यवहारात प्रश्न मिटलेला नाही. बेंगळुरूत पेंटेकोस्टल आणि इतर स्वतंत्र मंडळ्या पुष्कळ आहेत. तिथे आधी विश्वासाची साक्ष, मग पाण्यात बुडवून बाप्तिस्मा. लहानपणी बाप्तिस्मा झालेला सीएसआयचा एखादा तरुण अशा सभेत जातो, त्याला आतून काही घडल्याची खात्री वाटते आणि तो आपल्या पाळकांकडे पुन्हा बाप्तिस्मा मागतो. पाळक तो देऊ शकत नाहीत. बाप्तिस्मा एकदाच, अशी मंडळीची भूमिका आहे. ते त्याला सांगतात की तुझ्या विश्वासाच्या आधी देव तुझ्याकडे आला होता, दृढीकरणाच्या वेळी तू त्याला उघडपणे होकार दे. काही जण ऐकतात. काही जण दुसऱ्या मंडळीत जाऊन पाण्यात उतरतात, आणि त्यांच्या घरचे बरेच दिवस त्यांच्याशी याच विषयावर बोलत राहतात.