ठकी आणि ठक

आपल्याकडे बाहुलीला ठकी म्हणतात. ठकाशी तिचे नाते काय ते व्याकरणकारांनी ठरवावे. पण गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीचा जर्मनीहून फोन आला, तेव्हा हे दोन शब्द माझ्या मनात शेजारी शेजारी येऊन बसले खरे.

त्या फोनची गोष्ट सांगायची तर १९०५ सालापर्यंत मागे जावे लागेल. माक्स क्रूझ या शिल्पकाराच्या मुलीने नाताळात बाहुली मागितली. बाजारातल्या थंडगार, कडक बाहुल्यांचा त्याला तिटकारा. ‘विकत आणणार नाही, तूच कर,’ अशा अर्थाचे उत्तर त्याने बायकोला धाडले. बायको केटे. तिने टॉवेलात वाळू भरली, डोक्याच्या जागी बटाटा बांधला आणि जळक्या काडीने नाकडोळे काढले. पोर त्या बटाट्यावर खूश! (शिल्पकाराच्या घरात पहिली कलाकृती बाईने बटाट्याची करावी, यातली मौज वाचकांनीच चाखावी.)

पुढे १९१० साली बर्लिनच्या एका मोठ्या दुकानात घरगुती खेळण्यांचे प्रदर्शन भरले. तिथे केटेच्या बाहुल्यांनी लोकांना वेड लावले. एका कारखान्याने त्या काढण्याचा मक्ता घेतला. पण यंत्राच्या घाईत तो चेहरा काही उतरेना. अखेर केटेने काम पुन्हा आपल्या हाती घेतले. १९११ साली न्यूयॉर्कहून दीडशे बाहुल्यांची मागणी आली, तेव्हा घराचाच कारखाना झाला. कापडी डोके, त्यावर हाताने चढवलेला तैलरंग, अंगठा निराळा शिवलेला. आणि डाव्या तळपायावर सही व क्रमांक.

ही सही म्हणजे सगळी मेख. न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीने, त्या काळातल्या बड्या खेळणीवाल्यांनी, हुबेहूब तशा बाहुल्या स्वस्तात काढल्या. केटे कोर्टात गेली. १९२५ साली निकाल तिच्या बाजूने लागला, आणि मुलांचे खेळणेही कलाकृती म्हणून जपले जाऊ शकते हे मान्य झाले. चार पैशांच्या चिंध्यांसाठी केवढे हे रामायण, असे कोणाला वाटेल. पण माझ्या वर्गातल्या पोरालासुद्धा आपले चित्र दुसऱ्याने आपले म्हणून दाखवले की रडू कोसळते.

केटे १९६८ साली वारली. तिच्या जुन्या बाहुल्यांना आता संग्राहक मोठी किंमत मोजतात, आणि १९९५ पासून इंटरनेटवर लिलावाची दुकाने निघाल्यावर त्या घरबसल्या मिळू लागल्या. पूर्वी गिऱ्हाईक बाहुली उलटी करून तळपाय बघे, मानेची शिवण चाचपे. आता दिसते ते फक्त छायाचित्र. तेही भलत्याच बाहुलीचे असू शकते. नव्याने रंगवलेल्या चेहऱ्याला ‘मूळ रंग’ म्हणावे, सही नसेल तर ‘धुण्यात गेली’ म्हणावे. धुण्यात सही जातेही, म्हणूनच ही थाप पचते.

माझी बहीण अशीच फसली. चित्रात तळपायावर सही होती. घरी आलेल्या बाहुलीचा तळपाय कोरा. विकणाऱ्याने दोन दिवस गोड उत्तरे दिली, मग मौन धरले. बहिणीने नोकरी करून साठवलेले पैसे होते ते.

‘दादा, मी हीच बाहुली पुन्हा विकायला लावते,’ ती फोनवर म्हणाली, ‘केटे क्रूझ म्हणूनच. मला तरी कुठे कोणी खरे सांगितले?’

मी मास्तर असूनही चटकन काही बोललो नाही. तिची रक्कम लहान नव्हती. ‘तुझे तू बघ,’ एवढेच म्हणालो, आणि रात्रभर ते मला बोचत राहिले.

आठवड्याने तिने जाहिरात पाठवली. लिहिले होते : जुनी कापडी बाहुली, तळपाय कोरा, कोणी केली ते ठाऊक नाही. पैसे आले ते पाचवा हिस्सा. घेणाऱ्या आजीबाईंनी म्हणे तिला एक लोकरीचा झगाही विणला.