शिधापत्रिकेवरचे तारुण्य

महायुद्धाचा इतिहास लिहिणारे रणांगणावर पडलेल्यांची मोजदाद करतात. किती शहरे जळाली, किती जहाजे बुडाली, यांचे तक्ते ग्रंथांतून असतात. परंतु रणांगणापासून शेकडो कोस दूर, परीक्षेचे पुस्तक उघडून बसलेल्या विद्यार्थ्याच्या अंगावरचे मांस किती झडले, हा प्रश्न त्या तक्त्यांत सहसा येत नाही. दुसऱ्या महायुद्धात आपल्या ठाणे-कल्याणच्या पट्ट्याने रणांगण पाहिले नाही. येथे युद्ध आले ते ताटातून.

८ मार्च १९४२ रोजी रंगून जपान्यांच्या हाती पडले. ब्रह्मदेशातून दरसाल दहा लाख टनांहून अधिक तांदूळ हिंदुस्थानात येत असे. तो ओघ एकाएकी आटला. ठाणे जिल्हा स्वतः भात पिकवणारा, त्याला याची झळ का लागावी, असे कोणी विचारील. पण जिल्ह्याच्या उशाला मुंबई होती आणि मुंबईचे पोट कोकणातल्या खाचरांवर भरणारे नव्हते. त्यातच कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभी राहिली होती. आजचे उल्हासनगर पुढे त्याच बराकींतून वसले. भाव चढले, माल दडला. अखेर २ मे १९४३ पासून मुंबईत शिधावाटप सुरू झाले. ए. डी. गोरवाला या सनदी अधिकाऱ्याने ते नेटाने राबवले. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला. सरकारी चौकशी मंडळाने तेथील बळींची संख्या पंधरा लाख धरली. पुढील अभ्यासकांनी ती तीस लाखांपर्यंत नेली. कलकत्त्यात शिधावाटप सुरू व्हायला १९४४ साल उजाडले. आपल्या घरांतून रेशनच्या रांगेची आठवण कटकट म्हणूनच निघते. माझ्या मते त्या रांगेचे मुंबई इलाख्यावर मोठे उपकार आहेत.

तथापि जगवणे वेगळे आणि पोसणे वेगळे. त्या काळी ठाण्यात वा कल्याणात महाविद्यालय नव्हते. येथल्या मुलाने एकतर पहाटेची लोकल गाठावी, नाहीतर मुंबईत वसतिगृहात राहून खाणावळीत जेवावे. गरीब विद्यार्थ्यासाठी वार लावून जेवण्याची जुनी सोय होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पण ज्या घरात माणशी मोजून धान्य येते, त्या घरात परक्या मुलाच्या ताटाचाही हिशेब करावा लागतो. भातावर वाढलेल्या पोटाला मिळेल तो गहू, मिळेल ती ज्वारी गोड मानून घ्यावी लागली. युद्ध संपल्यावर दिवस पालटतील ही आशाही फोल ठरली. १९४६ च्या आरंभी देशभरचा मूळ शिधा माणशी दररोज एक पौंडावरून बारा औंसांवर आणण्यात आला. बारा औंस म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम. त्यातून मिळणारी उष्णता साधारण १२०० कॅलरी. धडधाकट तरुणाला तिच्या दुप्पट लागते. उरलेली भर डाळ, तेल, दूध यांनी घालायची. म्हणजे ज्याच्या खिशात पैसा, त्यानेच घालायची.

अशा शरीरात क्षय लवकर शिरतो. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीचा अहवाल १९४६ साली आला. देशात क्षयाचे सुमारे पंचवीस लाख रुग्ण, वर्षाला पाच लाख मृत्यू आणि रुग्णालयांत त्यांच्यासाठी खाटा मात्र सहा हजारांच्या आसपास, असे चित्र तिने मांडले. क्षय प्रामुख्याने तरुणांना गाठतो, आणि स्ट्रेप्टोमायसिन अजून सामान्यांच्या हाती आले नव्हते. मुलगा रोडावला की घरची माणसे धास्तावत, ती उगीच नव्हे.

अर्धपोटी तारुण्याचे नेमके काय होते, हे त्याच सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मोजले जात होते. अँसेल कीझ या शास्त्रज्ञाने ३६ तरुण निवडले. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले हे तरुण. त्यांत क्वेकर, मेनोनाइट, ब्रेदरन अशा शांततावादी ख्रिस्ती पंथांचे बरेच होते. युरोपातील भुकेल्यांना पुन्हा कसे पोसावे हे कळावे, म्हणून त्यांनी स्वतःहून उपासमार पत्करली. त्यांची राहण्याची सोय विद्यापीठाच्या क्रीडागाराखाली होती. १२ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांचा आहार निम्म्यावर आणला गेला. त्या वर्षी राखेचा बुधवार दोनच दिवसांनी, १४ तारखेला होता. आपला प्रायश्चित्तकाळ पुनरुत्थानाच्या सणाला संपतो. त्यांचा जुलै अखेरपर्यंत, चोवीस आठवडे चालला. बटाटे, सलगम, कोबी, पाव, मॅकरोनी. दिवसाला जेमतेम १६०० कॅलरी, आणि आठवड्याला बावीस मैलांची पायपीट.

त्यांचे वजन सरासरी चौथाईने घटले. पण वजनाच्या काट्यावर न दिसणारे बदल अधिक बोलके होते. भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजे, घोटे सुजत, जिना चढताना दम लागे. विद्यापीठाच्या वर्गांना हौसेने जाऊ लागलेल्यांचे मन अभ्यासातून उडाले. माणसे एकमेकांवर खेकसू लागली, पाककृतींची पुस्तके गोळा करून वाचू लागली. आपली बुद्धी मंदावली असे त्यांना स्वतःला वाटे. चाचण्यांत मात्र बुद्धी शाबूत आढळली. नापास झालेल्या मुलाला आपण किती सहज ‘ढ’ म्हणून मोकळे होतो! पुन्हा अन्न सुरू झाल्यावर शरीर भरायला कित्येक महिने लागले, काहींना त्याहून अधिक. वजन परत आले तेही आधी चरबीच्या रूपाने, स्नायू मागाहून.

कीझ यांचा ग्रंथ १९५० साली प्रसिद्ध झाला. भुकेने खंगलेले देह सावरण्याचे काम महाराष्ट्रात त्याआधीच घडून गेले होते. सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेली पोलिश कॅथलिक कुटुंबे १९४१ नंतर सुटली. त्यांच्या मुलांचा पहिला जथा १९४२ साली मुंबईत आला. जामनगरजवळ बालाचडीला जाण्यापूर्वी ही मुले काही महिने वांद्र्याला विसावली. १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत नांदली. तिच्यात चर्च होते, शाळा होत्या, उच्च माध्यमिक वर्गही होते. छातीच्या दुखण्याची भीती असलेल्यांना पाचगणीच्या हवेत ठेवले जाई. वसाहत १९४८ पर्यंत टिकली. स्वतः रेशनवर जगणाऱ्या मुलखाने हे पाहुणे सांभाळले, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत ठळकपणे यायला हवी.

ही सारी जुनी कहाणी म्हणून मिटवता येत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा तेथे हजारो भारतीय विद्यार्थी वैद्यकीय शिक्षण घेत होते. त्यांत महाराष्ट्रातले होते, मुंबई-ठाणे पट्ट्यातलेही होते. खारकीव्हच्या तळघरांतून मुले बिस्किटांवर दिवस काढीत होती. सुमी शहरात सुमारे सातशे विद्यार्थी अडकले. नळ कोरडे पडल्यावर त्यांनी बर्फ वितळवून पाणी केले. ८ मार्चला त्यांना तेथून बाहेर काढण्यात आले. तत्पूर्वी, १ मार्च रोजी, खारकीव्हमध्ये कर्नाटकातील हावेरी जिल्ह्याचा एक विद्यार्थी हल्ल्यात ठार झाला. तो खाण्याचे सामान आणायला तळघरातून बाहेर पडला होता.