‘वैतरणा’ आगबोटीचे अदृश्य होणे : एक पुनर्विचार

त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावून जुन्या ठाणे जिल्ह्यातून अरबी समुद्राकडे वाहणाऱ्या नदीचे ‘वैतरणा’ हे नाव मुंबईच्या शेफर्ड कंपनीच्या एका आगबोटीस होते. ही बोट १८८५ साली स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथे बांधण्यात आली. तिच्यावरील विजेच्या दिव्यांमुळे गुजराती प्रवासी तिला ‘वीजळी’ म्हणत.

८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती कच्छमधील मांडवी बंदरातून मुंबईस निघाली. द्वारकेस आणखी उतारू घेऊन ती पुढे गेली. परंतु हवामान बिघडल्यामुळे पोरबंदरास थांबली नाही. त्यानंतर ती सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात सापडली व मुंबईस पोहोचलीच नाही. शोधार्थ बोटी पाठविण्यात आल्या. पण तिचे अवशेष निश्चितपणे हाती लागले नाहीत.

पुराणांतील वैतरणी नदीशी असलेले नामसाम्य मन वेधून घेते. तथापि, दुर्घटनेचा विचार दैवयोगापाशी थांबविणे योग्य नव्हे. मुंबई सरकारने नेमलेल्या चौकशीत बोटीवरील जीवरक्षक साधने अपुरी असल्याचे आढळून आले. बिनतारी संदेशयंत्रणा त्या काळी बोटींवर आलेलीच नव्हती. त्यामुळे संकटाची वार्ता किनाऱ्यास कळविणे अशक्य होते. वादळ निसर्गाचे खरे. परंतु सुटकेचे मार्ग अपुरे ठेवणे हे मनुष्याचे कृत्य होय.

मृतांची संख्या सामान्यतः ७४६ दिली जाते, तर लोकपरंपरा ती तेराशेपर्यंत नेते. वऱ्हाडी मंडळी आणि मुंबई विश्वविद्यालयाच्या मॅट्रिक परीक्षेस निघालेले विद्यार्थी बोटीवर असल्याचेही परंपरा सांगते. झवेरचंद मेघाणी यांनी या दुर्घटनेवरील लोकगीत संग्रहित केले. दप्तरातील आकडा नोंदलेल्या उतारूंचा असतो. गीतातील आकडा घरी न परतलेल्यांच्या शोकाचा असतो. म्हणून दुसऱ्यास पहिल्याच्या जागी बसविता येत नाही, आणि केवळ अतिशयोक्ती म्हणून टाकूनही देता येत नाही.

१० नोव्हेंबर १९७५ रोजी उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवरात ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे मालवाहू जहाज २९ खलाशांसह वादळात बुडाले. त्याचे अवशेष लवकरच सापडले. तरीही बुडण्याच्या कारणाविषयी एकमत झाले नाही. यावरून असे दिसते की, अवशेष सापडल्याने गूढ उकलतेच असे नाही. याच्या उलट ‘वैतरणे’चे अवशेष नसतानाही तिच्यावरील उणिवा ठरविता आल्या. ती कोठे बुडाली हे अज्ञात राहिले. परंतु तिच्यावरील माणसांच्या रक्षणाची तरतूद पुरेशी नव्हती, हे अज्ञात नाही.