तीन ग्रंथ आणि एक साक्ष

इतिहासावर निबंध लिहावयाचा म्हणजे चार ग्रंथ पुढे घ्यावे, प्रत्येकातून थोडेथोडे वेचावे आणि ते आपल्या भाषेत एकत्र गुंफावे, अशी समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे. ग्रंथांची संख्या जितकी अधिक तितका निबंध भरभक्कम, हा त्या समजुतीचाच पुढचा भाग होय. मी स्वतः कित्येक वर्षे हीच समजूत बाळगून होतो आणि विद्यार्थ्यांसही तीच शिकवीत होतो. ती कशी ढासळली हे सांगण्यासारखे आहे. कारण ती ढासळविणारा कोणी मोठा पंडित नव्हता, कसबा बावड्याचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता.

कोल्हापुराच्या उत्तरेस, पंचगंगेच्या अंगाला कसबा बावडा हा गाव आहे. शहरातून तिकडे निघाले की वाटेत नवा राजवाडा लागतो; पुढे गाव, उसाचे मळे आणि नदीवरचा राजाराम बंधारा. याच गावच्या हद्दीत लक्ष्मीविलास नावाचा वाडा आहे, आणि राजर्षी शाहू छत्रपतींचा जन्म त्या वाड्यात झाला. सांप्रत ही गोष्ट शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु मी अध्यापनास नुकताच लागलो होतो तेव्हा, म्हणजे सुमारे तीस वर्षांपूर्वी, तिच्याविषयी माझे अज्ञान होते, आणि अज्ञानाहून वाईट अशी खात्री होती.

सहामाही परीक्षेत मी शाहू महाराजांवर निबंध घातला होता. एका उत्तरपत्रिकेत महाराजांचा जन्म '२६ जून १८७४, कसबा बावडा' असा दिलेला आढळला. मी लाल शाईने दोन्ही खोडून वर '२६ जुलै, कागल' असे लिहिले आणि गुण कापले. पत्रिका परत मिळाल्यावर तो मुलगा माझ्याकडे आला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, तो वाडा आमच्या गावात आहे. मी रोज त्याच्यावरून येतो." मी त्यास तीन ग्रंथ दाखविले. तिहींत मी म्हणत होतो तेच छापलेले होते. तीन छापील ग्रंथांपुढे एका गावकऱ्याच्या पोराने काय बोलावे? तो गप्प बसला आणि निघून गेला. त्याचे ते गप्प बसणे मला पुढे फार दिवस बोचत राहिले.

अखेर एके रविवारी ते तिन्ही ग्रंथ मी शेजारी शेजारी उघडून ठेवले. त्यांची नावे येथे देत नाही, कारण दोष त्यांचा नसून माझ्या वाचनाचा होता. पाहतो तो काय, महाराजांच्या बालपणाचे वर्णन तिहींत त्याच क्रमाने, जवळजवळ त्याच विशेषणांनी केलेले! तिसऱ्याने दुसऱ्यावरून घेतले होते आणि दुसऱ्याने पहिल्यावरून. ज्यांना मी तीन साक्षीदार समजत होतो, ती एकाच साक्षीदाराची तीन तोंडे होती. एकाच सहीच्या तीन नकला पुढे केल्याने दस्तऐवजावर तीन सह्या झाल्या असे कोणताही न्यायाधीश मानणार नाही. मी मात्र मानले होते, आणि त्या आधारावर निकालही दिला होता.

मग मी एकेक प्रश्न सुटा करून पाहू लागलो. प्रथम स्थळाचा. महाराज हे कागलच्या घाटगे घराण्यातले. पिता जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, माता राधाबाई, आणि मुलाचे नाव यशवंतराव. 'कागलच्या घाटगे घराण्यात जन्म' हे वाक्य अक्षरशः खरे आहे. पण एका लेखकाने ते संक्षेपाने 'कागल येथील घराण्यात जन्म' असे लिहावे, पुढच्याने 'कागल येथे जन्म' असे करावे, की घराण्याचे गाव हेच जन्माचे गाव होऊन बसते. यात कोणीही खोटे लिहिलेले नसते. केवळ दोन निरनिराळी वाक्ये एक केलेली असतात. उलट दिशेचाही धोका आहे. 'बावड्याच्या राजवाड्यात जन्म' असे वाचून एखादा नवा राजवाडाच पुढे करील. त्या राजवाड्याचे काम १८७७ ते १८८४ या काळातले. १८७४ साली जन्मलेले मूल त्यात कसे जन्मेल? आणि मूळ कागद शोधावयाचे तर नावाचेही भान हवे. १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी दत्तक घेतल्यावर यशवंतरावाचे शाहू झाले. तत्पूर्वीच्या दप्तरात 'शाहू' हे नाव शोधणारा रिक्त हस्ताने परत येईल आणि कागदच नाहीत असे सांगेल.

तारखेचा प्रश्न याहून मनोरंजक आहे. १८७४ चा जून हा शके १७९६ मधला, आणि त्या वर्षी आषाढ अधिक होता. २६ जून हा दिवस अधिक आषाढाच्या शुद्ध पक्षात येतो, तर २६ जुलै हा निज आषाढाच्या शुद्ध पक्षात. जुना कागद वाचताना 'अधिक' हा एक शब्द निसटला की तारीख महिनाभर पुढे सरकते! हे गणित जुळले तेव्हा मला कोण आनंद झाला! पण लगेच दुसरा तर्कही सुचला. सरकारी नोकऱ्यांतील पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याची महाराजांची सुप्रसिद्ध आज्ञा २६ जुलै १९०२ ची. त्यांच्या चरित्रात सर्वांत गाजलेला हा दिवस स्मरणात घोळून जन्मदिवसाच्या जागी जाऊन बसणेही अशक्य नाही. एकाच चुकीचे दोन उलगडे तितकेच नीटनेटके दिसू लागले, तेव्हा मी सावध झालो. तर्क कितीही सुंदर असला तरी तो तर्क म्हणूनच निबंधात यावा. दोन ग्रंथांतील विसंगती मिटविण्यासाठी आपण जी कथा रचतो, ती त्या ग्रंथांत नसते. ती आपली असते, आणि वाचकास तसे सांगितले पाहिजे.

मग अनेक साधने एकत्र आणण्याचा काही उपयोगच नाही काय? आहे, आणि तो किती मोठा आहे याचे उदाहरण महाराष्ट्रासमोरच आहे. शिवछत्रपतींचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ साली झाला, असे बखरींच्या आधारे पिढ्यान्‌पिढ्या मानले जात असे. बखरी अनेक होत्या, पण त्या बहुतेक उत्तरकालीन होत्या. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा जन्मदिवस निघाला. पुढे तंजावरास मिळालेले परमानंदाचे शिवभारत सदाशिव महादेव दिवेकरांनी १९२७ साली छापले; त्यातही तोच शक आणि तीच तिथी. जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहातील कुंडलीनेही त्यालाच दुजोरा दिला. मावळातील देशमुखाचे घर, कावेरीकाठचा ग्रंथसंग्रह आणि मारवाडातील ज्योतिषाचे दप्तर! यांनी एकमेकांची नक्कल केली असण्याचा संभव कोठून असणार? शिवाय गणित करून पाहावे, तर त्या तिथीची तारीख १९ फेब्रुवारी १६३० येते आणि वार शुक्रवारच निघतो. येथे साधने तीनच होती, पण साक्षीही तीन होत्या. म्हणूनच त्यांच्यापुढे बखरींची संख्या निष्प्रभ ठरली.

यावरून मी वर्गात जे सांगू लागलो ते फार थोडे आहे. ग्रंथ मोजू नयेत, त्यांची वंशावळ काढावी. प्रत्येक साधनास तेच विचारावे, जे त्यास ठाऊक असणे शक्य होते. अण्णासाहेब लठ्ठे यांनी महाराजांचे चरित्र १९२४ साली, म्हणजे निधनानंतर दोनच वर्षांत प्रसिद्ध केले. करवीरच्या राजकारणासंबंधी त्यांच्या शब्दास मोठे वजन आहे, कारण ते त्या व्यवहारात वावरलेले होते. परंतु लठ्ठे स्वतः १८७८ साली जन्मले. महाराजांच्या जन्माचे ते साक्षीदार होऊ शकत नाहीत. एकच ग्रंथ एका पानावर प्रमाण असतो आणि दुसऱ्या पानावर ऐकीव. तसेच मतभेद दिसला की मध्य काढू नये. जून आणि जुलै यांचा मध्य काढून कोणी जन्मास येत नाही.

आणि नावाचा मोह टाळावा. रामचंद्रपंत अमात्य बावडेकर हे नाव वाचताच आज्ञापत्राचा कर्ता कसबा बावड्याचा असे लिहिणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. पंतांच्या घराण्याची जहागीर गगनबावड्याची, कोल्हापुराहून पश्चिमेस घाटमाथ्यावरची. दोन पुस्तकांत एक नाव दिसले म्हणजे वस्तूही एकच, असे मानून दोहोंची माहिती एकत्र केली की एक तिसराच गाव निर्माण होतो, जो पृथ्वीवर कोठेही नसतो.

आज शासन २६ जून हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळते आणि बावड्याचा तो वाडा राज्याच्या संरक्षणाखाली आहे. तो मुलगा बरोबर होता. तथापि, एक गोष्ट मी त्यासही सांगितली असती. "आमच्या गावात वाडा आहे" एवढ्याने जन्म सिद्ध होत नाही. गावाची आठवण ही एक साक्ष आहे, आणि तीही इतर साक्षींप्रमाणेच तपासून घ्यावी लागते. पण तपासणे म्हणजे खोडणे नव्हे. मी तपासले नव्हते. मी खोडले होते.

पुढील सत्रात मी ती उत्तरपत्रिका परत मागवून गुण भरून दिले. मुलाने ती घडी करून खिशात ठेवली आणि विचारले, "सर, मग त्या तीन पुस्तकांचे काय?" मी म्हणालो, "ती वाचावयाचीच. पण आता कोणी कोणाकडून घेतले, ते आपण दोघे मिळून शोधू." पुढे काही रविवार आम्ही ते काम केले. इतिहासाचा निबंध मी त्या रविवारीच शिकलो, असे मला अजूनही वाटते.