घरी भारी वाजणारा गिटारचा अॅम्प बँडमध्ये गायब का होतो?

वणीत मिरवणूक निघाली की ढोल-ताशाच्या दणदणाटातही बेंजोची चाल लांबून ओळखू येते. ढोल खाली घुमतो, ताशा वर तडतडतो आणि बेंजोला मधली जागा मोकळी मिळते.

मेटल वाजवणारी नवी पोरं नेमकी हीच जागा सोडून देतात. हाय-गेन ट्यूब अॅम्पवर बेस फुल, ट्रेबल फुल आणि मिड शून्य! खोलीत एकट्याने वाजवताना हे जबरदस्त वाटतं. कमी आवाजात कानाला खर्ज आणि तीव्र स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं. म्हणून हात आपोआप त्या दोन नॉबकडे जातो. बँडसोबत आवाज वाढला की गणित फिरतं. खालची जागा बास गिटार आणि किक ड्रमने घेतलेली असते, वरची झांजांनी. मग गिटार ऐकू येणार कुठून?

त्यात फेंडर-मार्शल पद्धतीच्या सर्किटमध्ये बेस, मिड, ट्रेबल हे नॉब आवाज वाढवत नाहीत, फक्त कमी-जास्त कापतात. शिवाय एक फिरवला की बाकीच्यांचा परिणामही बदलतो. तिन्ही ५ वर ठेवले तरी मिड दबलेलाच असतो. त्यामुळे मिड ६-७, बेस ४, ट्रेबल ५ इथून सुरुवात करावी आणि पुढचे बदल सगळे वाजवत असतानाच करावेत.

गेनचंही तसंच. जास्त गेन म्हणजे जास्त हेवी, हा गैरसमज. एका मर्यादेपुढे तारेवरचा घावच हरवतो आणि नुसता चिखल उरतो. मेसा बूगीच्या मार्क मालिकेत तर बेसचा नॉब डिस्टॉर्शनच्या आधी येतो, म्हणून तो १-२ वरच ठेवतात. इतर अॅम्पवर अनेक जण ट्यूब स्क्रीमर पेडल पुढे लावतात. त्याचा ड्राइव्ह जवळपास शून्य, लेव्हल जास्त. पेडल खर्ज आधीच छाटतं आणि रिफ घट्ट वाजतो.

अमेरिकेतून नातेवाइकांनी अॅम्प आणला असेल तर नॉबच्या आधी मागची पाटी वाचावी. तिकडे १२० व्होल्ट, इथे २३०. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावला तर अॅम्प जळू शकतो. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अॅम्प कधीच वाजवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर उडू शकतो.