वाचता येणारं मूल बालवाडीत जातं तेव्हा

आज एक साधा वाटणारा प्रश्न घेऊ. बालवाडीच्या पहिल्याच दिवशी एखादं मूल भिंतीवरचं सगळं वाचून दाखवतं. बाकीची मुलं अजून रेघा ओढताहेत. या मुलाचं काय करायचं?

आमच्या घरीच हे घडलं. नात चार वर्षांची, पेपरातले मथळे वाचायची. शाळेतून निरोप आला, ‘घरी शिकवू नका, वर्गात चुळबुळ करते.’ आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेले आम्ही, पण उत्तर सुचेना. मग इतिहास चाळला.

पहिलं उदाहरण आमच्याच विषयातलं. जॉन स्टुअर्ट मिल. वडिलांनी तिसऱ्या वर्षी ग्रीक सुरू केलं, आठव्या वर्षी लॅटिन. इतर मुलांत मात्र फारसं मिसळू दिलं नाही. १८२६ साली, विसाव्या वर्षी, मिल मनानं पार खचला. बुद्धीला भरपूर खाऊ घातलं होतं, भावना उपाशी राहिल्या होत्या, हे त्यानंच आत्मचरित्रात मांडलंय.

तिकडे जर्मनीत फ्रोबेल उलट टोकाकडून निघाला. त्यानं १८४० साली आपल्या शाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. खेळ हेच शिक्षण. पण बागेतली सगळी रोपं एकाच वेगानं वाढत नाहीत, हे पुढच्या शाळा विसरल्या.

१९०५ साली पॅरिसमध्ये बिने आणि सिमों यांनी बुद्धिमापनाची कसोटी केली, ती मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. पुढे अमेरिकेत तीच पद्धत पुढे गेलेल्या मुलांसाठीही वापरली गेली. तिथं लीटा हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंना दिसलं, की अशा मुलांचा नेहमीच्या वर्गात निम्मा वेळ फुकट जातो. फारच पुढच्यांचा जवळजवळ सगळा. १९३६ साली न्यूयॉर्कच्या स्पेयर शाळेत त्यांनी या मुलांना वरच्या इयत्तेची पुस्तकं नुसती पुढे सरकवली नाहीत. अन्न, घरं, वाहनं अशा रोजच्या गोष्टी कशा घडत गेल्या, हे शोधायला लावलं. वेग नव्हे, खोली वाढवली.

आणि मॉन्टेसरी? १९०७ साली रोममध्ये त्यांनी वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र बसवली, प्रत्येकाला आपलं काम निवडू दिलं. ती वाट आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून बोर्डीत, पुढे कोसबाडला, गावातल्या साध्या वस्तू घेऊन चालवली. शंख, बिया, पानं. त्यांना महागडी साधनं लागली नाहीत.

म्हणजे मूल हुशार आहे म्हणून त्याला एकटं पाडायचं नाही, आणि सोबत हवी म्हणून थांबवूनही ठेवायचं नाही. दोन्ही गरजा एकाच मुलाच्या आहेत.

आमची नात? महिन्याभरात तिनं मथळे वाचणं सोडलं. विचारलं तर म्हणाली, ‘मला येत नाही.’ येत होतं. शाळेत शिकलेला तिचा पहिला धडा लपवण्याचा होता. आम्ही बाईंना भेटलो खरे, पण उशिरा.

तुमच्या घरात असं मूल असेल, तर आधी जाऊन भेटा. जास्तीचा अभ्यास मागू नका. विचारायला मोकळीक आणि खेळायला सोबत, एवढंच मागा. इथं थांबू.